अंबाडीचा दोर

प्रिय भावेशदादा,

आग लागल्यापासून तुझा फोन बंद आहे. तू कशेळीला केसरीनाथमामांकडे आहेस असं आईकडून कळलं, आज सकाळी मामा इकडे आलेत, म्हणून हे पत्र त्यांच्याच हाती देतेय.

यंदा अंबाडी डोक्याच्या वर गेली होती. तू काम करतोस त्या गोदामामागे आपलं एवढंच वावर उरलंय, तरी बाबा त्यात दुसरं काही पेरत नाहीत. कापलेल्या पेंढ्या तळ्यात दगडांखाली कुजत घातल्या होत्या. साल सुटू लागली की थांबता येत नाही, सालीतला धागा, वाख, सडून जातो. म्हणून त्या दुपारी आम्ही दोघं कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून सोलत होतो.

आधी गोदामातून धूर दिसला. मग मागचं शटर कुणीतरी आतून बडवायला लागलं. बाहेरून कुलूप होतं. बाबांनी दगडाने ठोकलं, तुटेना. वर माळ्याच्या खिडकीत हमाल ओरडत होते. बाबांनी खोपीतून वाखाचा वळलेला दोर आणला, तळ्यात बुचकळला आणि वर फेकला. “खंबे को बांधो,” एवढंच म्हणाले. खाली आम्ही तो ताणून धरला. दोघं उतरले. तिसरा हमाल, दौलत, दोरापर्यंत पोचलाच नाही. त्याला नंतर बंबवाल्यांनी बाहेर काढलं. इस्पितळात तो डोळे उघडतो, पण बायकोला, विनितावहिनीला, ओळखत नाही.

बाबांच्या तळहाताची सालटं निघालीत. ते तळ्याकडे फिरकत नाहीत. उरलेल्या पेंढ्या मी एकटीच सोलतेय, निम्मा वाख हातातच तुटतो.

काल पोलिस आले होते. कुलूप कुणी लावलं, विचारत होते. मालक म्हणतो, त्याला माहीत नाही. बाबा म्हणाले, हात ठणकतायत, उद्या या. पोलिस गेल्यावर त्यांनी मला सांगितलं. तू कुलूप लावलंस ते त्यांनी तळ्यातून पाहिलं होतं. हमाल माल घेऊन मागून सटकतात म्हणून मालकाने तुला तसं सांगितलं असेल, हे मला कळतं. पण आग दिसल्यावर तू चावी खिशात घेऊन रस्त्याकडे पळालास, तेही त्यांनी दोर आणायला खोपीकडे धावताना पाहिलं. हाका मारल्या, तू वळला नाहीस.

“इचारलं तर मी खोटं न्हाय बोलनार,” बाबा म्हणाले. “तो सोता आला, तर चौकीत मी त्याच्या बाजूला उभा ऱ्हाईन.”

दादा, ते रात्रभर झोपले नाहीत. पोलिस आज दुपारी येणार आहेत. त्यांच्या तोंडून तुझं नाव निघायच्या आधी ये.

तुझीच,
रूपा