तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही

ती. आर्डिस आत्या हिला,

या थंडीत अंगावर एवढे कपडे चढवून जितकं वाकता येईल तितकं वाकून सिग्नेचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? (‘तसा बराच आहे’ असं लिहू नकोस. हॅरल्डकाकांनी बर्फ काढायचं यंत्र तुझ्या पायावर घातलं होतं, तेव्हाही तू तेच म्हणाली होतीस.) काका काय म्हणतात? म्हणजे ते काही म्हणत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण न म्हणता ते कसे आहेत? चर्चच्या तळघरातलं माशाचं जेवण झालं का, आणि यंदा तो जेलीसारखा थरथरणारा मासा ताटात राहिला की कुणाच्या मांडीवर उतरला? सविस्तर कळव. मी मजेत आहे. म्हणजे आपल्या एल्स्टाडमध्ये ज्याला मजेत म्हणतात तशी: काही मोडलेलं नाही, ताप नाही, आणि जे दुखतंय ते कुणाला सांगायचं नाही. तुला तेवढं सांगते.

ऑनर्स म्हणजे नक्की काय, असं तू मागच्या पत्रात विचारलंस. मी त्यात दोन वर्षं आहे, त्यामुळे मलाही नीट सांगता येणार नाही. माझ्या समजुतीप्रमाणे, ज्या मुलांना अभ्यास जमतो त्यांना अभ्यासाला वेळ मिळू नये म्हणून विद्यापीठाने केलेली ही सोय आहे. साध्या मुलाने पुस्तक वाचलं की त्याची सुटका होते. आम्ही वाचलं की सूप पीत त्यावर चर्चा करायची असते. साधा मुलगा शनिवारी झोपतो. आम्ही शनिवारी जंगलात जाऊन, झाडांना बांधलेल्या दोरांवर लोंबकळून एकमेकांवरचा विश्वास वाढवतो. (डोळे मिटून मी ज्याच्या भरवशावर मागे पडले, तो त्या वेळी फोन बघत होता. टेंगूळ आलं. विश्वासाचं अजून काही कळलेलं नाही.) वसंतात आपण केलेलं संशोधन भल्यामोठ्या कागदावर छापून त्याच्या शेजारी दिवसभर उभं राहायचं असतं, म्हणजे येणारे-जाणारे थांबून ‘वा वा’ म्हणतात आणि चहा-कॉफी कुठे ठेवली आहे ते विचारतात. संधी, संधी आणि संधी. इथे सकाळी तोंड धुवायच्या आधी माणसासमोर कुठली ना कुठली संधी येऊन उभी असते.

आता माझा घात कुठे झाला ते ऐक, आणि त्यात तुझा हात आहे हेही ऐक. तूच मला वाढवलंस आणि तूच शिकवलंस की पुढे काहीही आलं तरी पहिल्यांदा ‘छे, नको’ म्हणायचं, दुसऱ्यांदा ‘उगाच कशाला तुम्हाला त्रास’ म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की ‘बरं, एवढं म्हणताय तर अगदी थोडंसं’ म्हणून घ्यायचं. कॉफी असो, शेजाऱ्याने गाडीतून सोडायचं असो की लग्नाची मागणी असो. (हॅरल्डकाकांनी तिसऱ्यांदा विचारायला पुढचा हिवाळा उजाडू दिला, ही तुझी तक्रार मी लहानपणापासून ऐकते आहे.) एल्स्टाडमध्ये हे सगळं सुरळीत चालतं कारण विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. ऑनर्समध्ये मात्र निराळाच प्रकार आहे. जे कुणालाच नको असतं ते काम घेशील का म्हणून आधी सूचना येते, मग आठवण येते, मग कार्यालयातून माणूस येतो. म्हणजे बरोबर तीनदा! त्यामुळे उष्ट्या-खरकट्याचं खत करणाऱ्या समितीची मी अध्यक्ष आहे. नव्या मुलांच्या आईवडिलांना विद्यापीठ दाखवायला मीच नेते, आणि ते त्यांच्याकडे तोंड करून, उलटं चालत दाखवायचं असतं. (आजवरच्या धडका: एक कचराकुंडी, दोन सायकली आणि संस्थापकांचा पुतळा.) शिवाय ऑनर्सचं बोधचिन्ह घुबड आहे, आणि समारंभात ते घुबड अंगावर चढवून पंख हलवणारी मुलगी कोण, हे तू ओळखलंच असशील. जे सगळ्यांना हवं असतं ते मात्र इथे एकदाच विचारतात, आणि माझं ‘छे, नको’ तयारच असतं.

यंदा आमच्याकडे नव्या प्रमुख आल्या आहेत, डॉ. कापुतो. न्यू जर्सीच्या आहेत. बाई मनाने चांगल्या आहेत, पण मनात आलेलं आणि तोंडातून निघालेलं यांच्यामध्ये त्यांच्याकडे दारच नाही. पहिल्याच स्वागतसमारंभात लिंबाच्या वड्या होत्या. ताटात शेवटची एक उरली, आणि आपल्या पद्धतीप्रमाणे तिचं व्हायचं ते सुरू झालं. कुणीतरी अर्धी कापून घेतली, पुढच्याने अर्ध्याची अर्धी, त्याच्या पुढच्याने त्याचीही अर्धी, आणि शेवटी नखाएवढा तुकडा राहिला. त्याच्याभोवती आम्ही सगळे इकडेतिकडे बघत उभे. कापुतोबाई आल्या, ‘हे कुणी खात नाहीये का?’ म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता तोंडात टाकून बोटं चाटली. आत्या, ग्रंथपालबाई तर खाली बसल्या. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

मागच्या मंगळवारी त्यांनी मला खोलीत बोलावलं. स्कॉटलंडमधल्या दलदलींचा अभ्यास करायला एक गट उन्हाळाभर जातो, त्यात ऑनर्सला एकच जागा असते हे तुला मी सांगितलं आहे. (सांगितलं म्हणजे पहिल्या वर्षापासून प्रत्येक पत्रात लिहिलं आहे.) या एका जागेसाठी मी ऑनर्समध्ये आले. तुझ्यामागून दलदलीत क्रॅनबेरी वेचत फिरताना ज्या मुलीने गुडघाभर शेवाळात पाय रोवून ‘हे खाली कुठपर्यंत आहे?’ असं विचारलं होतं, तिला आयुष्यात दुसरं काही फारसं नकोच आहे. बाई म्हणाल्या, “सिग्ने, दलदलीसाठी मी तुझं नाव काढलंय. जातेस?”

आणि मी म्हणाले, “अय्या, छे हो! माझ्यापेक्षा लायक कितीतरी असतील.”

“नक्की?” (हे मी दुसरं विचारणं धरलं.)

“उगाच कशाला तुमची धावपळ,” मी म्हणाले, आणि तिसऱ्याची वाट बघत हसऱ्या चेहऱ्याने बसून राहिले.

“बरं. स्पष्ट सांगितलंस, छान केलंस. मला अशी माणसं आवडतात,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी डेव्हन ब्रिग्जला फोन लावला. माझ्यादेखत!

मी उठले नाही. मग उठले, पण निघाले नाही. टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. ‘बरंय, येते मग’ म्हणून दाराशी उभी राहिले आणि हवेबद्दल बोलले, गाड्या लावायला जागा मिळत नाही त्याबद्दल बोलले, शेवटी काही सुचेना म्हणून तुझ्या गुडघ्याबद्दलही बोलले. आपल्याकडे एवढ्या वेळात दगडानेसुद्धा तिसऱ्यांदा विचारलं असतं. कापुतोबाईंनी माझ्याकडे काळजीने बघितलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मनावर ताण असलेल्या विद्यार्थ्यांनी ज्यांना भेटायचं असतं त्या बाईंचा नंबर हातात दिला.

डेव्हन टेक्सासचा आहे. त्याला काही विचारलं तर प्रश्न संपायच्या आधी ‘हो’ म्हणतो. दुसऱ्या दिवशी जेवताना माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, “सिग्ने, मी स्कॉटलंडला चाललोय! पीट म्हणजे काय गं? खातात का ते?” मला वाटलं, भट्टीतून नुकतंच आलेलं बटाट्याचं हॉटडिश उचलावं आणि त्याच्या डोक्यावर पालथं करावं. पण आत्या, मी तुझी भाची. पीट म्हणजे दलदलीत साचून दबलेलं शेवाळ, हे मी त्याला समजावून सांगितलं. एकावर एक थर साचून हजारो वर्षांची दलदल कशी होते ते सांगितलं, आणि तिच्यात पडलेलं झाड कसं कुजत नाही तेही. जेवण थंड झालं तरी मी बोलतेच आहे, आणि तो पोरगा तोंड उघडं टाकून ऐकतो आहे. शेवटी म्हणाला, “बूट घ्यावे लागतील का?” मी म्हणाले, “माझे घेऊन जा हवे तर.” (म्हणजे तू वाढदिवसाला दिलेले, मांडीपर्यंतचे.) आता यावर त्याने काय म्हणायला हवं होतं? छे, नको! पण तो म्हणाला, “दे.” दिले. पाय एवढा मोठा की त्याला ते होत नाहीत, तरी घेऊन गेला.

त्या रात्री मला तुझी आठवण आली आणि मग तुझा रागही आला. रागावू नकोस, नीट सांगते. एकदा दलदलीत वाकून वेचता वेचता तू मला सांगितलं होतंस, की शाळेतल्या त्या शिकागोच्या मास्तरांनी तुला वनस्पतिशास्त्र शिकायला शहरात पाठवायचं ठरवलं होतं, आणि तू ‘छे, इथे आईकडे कोण बघणार’ म्हणालीस, आणि मास्तर ‘बरं’ म्हणून निघून गेले. ते सांगताना तू हसलीस. पण मग डबा भरून सांडायला लागला तरी तू वेचतच राहिलीस. तेव्हा मला काही कळलं नव्हतं. आता कळलं आणि मी उशीत तोंड खुपसून रडले. ज्या बाईला प्रत्येक शेवाळाचं नाव पाठ आहे, तिने जन्मभर चर्चच्या तळघरात कॉफी ओतली, कारण एका माणसाला तिसऱ्यांदा विचारायचं सुचलं नाही. मला ते मुळीच चालणार नाही. तुझ्याबाबतीत नाही आणि माझ्याबाबतीतही नाही.

असो. काळजी करण्यासारखं काही नाही. इकडे सगळं ठीक आहे, मला काहीही नको आहे. काकांना नमस्कार, मांजरीला अंजारून-गोंजारून.

तुझीच,
सिग्ने

ता. क. पत्र टाकायचं राहिलं (खताच्या पिंपाला आतून बर्फ धरला, अध्यक्षांना कुदळ घेऊन जावं लागलं), तेवढ्यात बातमी आली. उन्हाळ्यात डेव्हनच्या बहिणीचं लग्न निघालं, त्याने जागा सोडली. कापुतोबाईंनी सगळ्यांना सांगितलं आहे की ज्याला जायचं असेल त्याने शुक्रवारपर्यंत त्यांच्यासमोर येऊन ‘मला हवंय’ एवढे दोनच शब्द बोलावेत, तिसरा नको. दोन शब्द! दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले, आणि एकदा त्यांच्या झाडाला पाणी घालून परत आले. आत्या, तू फोन कर ना त्यांना माझ्यासाठी.

ता. ता. क. फोन करू नकोस. तू काय बोलशील ते मला डोळ्यांसमोर दिसलं. ‘आमची सिग्ने तशी बरी आहे’ म्हणशील, मग हवा, आणि मग त्यांना वड्यांची कृती सांगून फोन ठेवशील.

ता. ता. ता. क. झालं! आज शुक्रवार. दुपारी देणगीदारांसाठी समारंभ होता आणि मी घुबडात होते. बाहेरून कुणाला तोंड दिसत नाही, आत अंधार असतो, आणि त्या अंधारात माणूस एल्स्टाडचा राहत नाही. कापुतोबाई शेजारून चालल्या होत्या. मी पंखाने त्यांना अडवलं आणि ओरडले, “मला हवंय!” बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या वडीकडे बघितलं, आणि वडी मला देऊ केली. मी म्हणाले, “वडी नाही! दलदल! मी सिग्ने!” बाई हसल्या. म्हणाल्या, “इतके दिवस वाट बघत होते तुझी. दिली.” आणि आत्या, माझ्या तोंडून काय निघालं असेल? ‘छे छे, उगाच कशाला तुम्हाला त्रास!’ देवाची कृपा, घुबडाचं डोकं जाड आहे. त्यांना ऐकू गेलं नाही.

शेवटचं. माझे बूट डेव्हनकडेच आहेत. ते परत मागायचं मला जमत नाहीये, तेव्हा ते मागायला तूच ये. आणि आलीस की लगेच परत जाऊ नकोस. इथे साठीच्या पुढच्या लोकांना वर्गात येऊन बसता येतं आणि वसंतात दलदलीतल्या वनस्पतींचा वर्ग सुरू होतोय. मी शिकवणाऱ्या सरांना विचारलं आहे. (घुबडातूनच विचारलं, पण विचारलं.) माझ्या खोलीत दुसरी खाट आहे, जिना नाही, गुडघ्याची सबब चालणार नाही. काकांना हॉटडिश गरम करता येतं.

येशील?

तुझं ‘छे, नको’ मला इथपर्यंत ऐकू आलं. येशील ना?

‘उगाच कशाला तुम्हाला त्रास’ हेही ऐकलं. आत्या, येशील?