नाक खाजवायचं नाही

ता. ९ जून

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

सगळं बदललं ते मागच्या मंगळवारी, दुपारी पावणेतीनला. बाबा खिडकीशी पाठमोरे बसून बुटांना पॉलिश करत होते. फौज सोडून अकरा वर्षं झाली, पॉलिश सुटत नाही. मी दारातून ओरडून सांगितलं, की मी फेब्रुवारीतच कॉलेज सोडलंय, काय करायचं ते करा! आणि दार दाणकन आपटून निघालो. सायकलची किल्ली राहिली म्हणून परत आलो, तर बाबांनी वर बघून विचारलं, की आज कॉलेजला उशीर कसा झाला?

काका, इतकी वर्षं आपटलेली सगळी दारं फुकट गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांना कानाच्या मशीनच्या दुकानात नेलं. ‘सैनिकांसाठी खास’ अशी हातभर पाटी. तिथल्या गृहस्थाने कानात डोकावलंसुद्धा नाही. मशीन खुपसलं आणि कसं वाटतंय म्हणाला. बाबा म्हणाले, उत्तम. ते सगळ्यालाच उत्तम म्हणतात. मी तपासणीचं विचारलं, तर म्हणे फौजी माणसाला कसली तपासणी! मग मी त्याची कॉलर धरली. रागावू नका, लगेच सोडली.

शेवटी माजी सैनिकांच्या दवाखान्यात गेलो. तिथे ती होती. कान तपासणारी. तिने बाबांना अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. तोफ कुठल्या बाजूला असायची, कानात शिट्टी वाजते का. आज काही विकायचं नाही म्हणाली, आधी तपासू. तपासायची खोली म्हणजे कापसाचं बोंड. भिंतींना गाद्या, काचेची खिडकी, आत शिरलं की आपलाच श्वास पाहुण्यासारखा वाटतो. बाबा आत, हातात आवाज आला की दाबायचं बटण. ती बाहेर यंत्रापाशी, मी तिच्या मागे. तिची वेणी खुर्चीच्या पाठीवरून खाली आली होती आणि ऊन तिच्यावरून सावकाश उतरत होतं. मला वाटलं, वर्षभर असंच उभं राहावं.

बाबा मात्र एकटक माझ्याकडे बघत होते. बटण एकदाच दाबलं, तेही माझ्या नाकावर माशी बसली आणि मी हात नेला तेव्हा. बाहेर येऊन माझ्यावरच उखडले, की वेळेवर नाक का खाजवलं नाहीस?

जुन्या कागदांवर दरवर्षी ‘श्रवण उत्तम’ लिहिलंय, हे जुळत नाही असं ती म्हणते. तुम्ही दोघं सोळा वर्षं एका तोफेवर होतात. हे नाकाचं काय प्रकरण आहे?

रागावलात तरी चालेल, पण उत्तर धाडा.
आपला,
भडकू


ता. १७ जून

चि. भडकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा तुझ्या काकूने वाचलं आणि माझं ताट आपटून वाढलं.

तुझा बाप तोफेच्या डावीकडे उभा राहायचा, मी मागे. कानात घालायला बोळे मिळायचे, पण घालणाऱ्याची टिंगल व्हायची, आणि टिंगल करण्यात मी पुढे. नवव्या वर्षी एका सकाळी त्याने विचारलं, की हल्ली पाखरं कुठे गेली? समोरच्या झाडावर ती कलकलाट करत होती.

तपासणीत नापास झाला असता तर तोफेवरून काढून कोठारात घोंगड्या मोजायला बसवला असता. म्हणून मी फायली घेऊन तपासणाऱ्याच्या मागे उभा राहायचो. आवाज सोडला जाताना यंत्रावर बारका दिवा लागायचा, की मी नाक खाजवायचं, त्याने बटण दाबायचं. सात वर्षं. आम्ही याला दोस्ती समजत होतो. पहिल्याच वर्षी हात खिशात ठेवला असता, तर घोंगड्या मोजत का होईना, त्याला पाखरं ऐकू आली असती.

हे सगळं सहीनिशी लिहून सोबत जोडलंय. तुझ्या कानवालीला दे. माझं काय व्हायचं ते होवो. आणि त्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायला सांग. तू मध्ये उभा राहू नकोस. पत्रात बापाच्या कानाला दोन ओळी आणि वेणीला चार, हे माझ्या लक्षात आलंय.

तब्येत जप, डोकं त्याहून जप.
तुझा,
काका


ता. ५ जुलै

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी तुमचा भयंकर राग आला. बाबांना तुमचा कागद दाखवला, तर त्यांनी घडी घालून बुटाच्या डब्यात टाकला. म्हणाले, त्याच्या नावाला डाग लावून मला ऐकायचं नाही. तीन दिवस हेच.

मग मी दवाखान्यात जाऊन तिला विचारून आलो. ती म्हणाली, मशीनसाठी जुने कागद लागतच नाहीत, आजचे खरे कान पुरेत. जुने कागद दुरुस्त करून भरपाई मागायचा अर्ज वेगळा, त्याचं काय होईल ते ती सांगू शकत नाही. जी बाई ‘हे मला सांगता येत नाही’ म्हणते, तिच्यावर विश्वास टाकावा असं बाबांनाही वाटलं. खुर्ची भिंतीकडे ठेवली. डावा कान जवळजवळ गेलाय, उजव्यात बरंच शिल्लक आहे. मशीनने जुने कान परत येणार नाहीत, बोलणं जवळ येईल, महिनाभर वापरा, नाही जमलं तर परत आणा, असं तिने आधीच सांगितलं. मीही माझे कान तपासून घेतले. ती म्हणाली ठणठणीत आहेत, पुढच्या वेळी बाबांना सोबत आणा.

आज दुपारी मी टेबलाशी हेच पत्र लिहीत होतो, मागे बाबांचा ब्रश चालू होता, कानात नवं मशीन. न वळता, हळू आवाजात मी म्हणालो, की फेब्रुवारीत मी कॉलेज सोडलं.

ब्रश थांबला.

बाबा म्हणाले, की ऐकलं. मग म्हणाले, दार आपटलेलं पायांना दरवेळी कळायचं, फरशी हलायची. कारण तेवढं कळायचं नाही.

त्यांनी डब्यातून तुमचा कागद काढला, तुमच्या सहीखाली ‘हे खरं आहे, मीच सांगितलं होतं’ असं लिहून आपली सही केली, आणि दवाखान्यात देऊन ये म्हणाले. कॉलेजचं संध्याकाळी बोलू, असंही.

आहे तसाच जीव लावत राहा.
आपला,
भडकू

ता. क. हे टपालपेटीवर कागद ठेवून लिहितोय. निघताना बाबा दाराकडे पाठ करून बसले होते, मुद्दाम. मी बाहेर आलो आणि कडी वाजेल इतपतच दार लावलं.