आत उघडणारं दार

सोमवार, संध्याकाळ

मुलाच्या या नव्या घरात न्हाणीचं दार आत उघडतं. टाइल्स गुळगुळीत, बायकोचे गुडघे दुखरे. ती दाराशीच पडली तर दार ढकलायचं कसं?

मुलगा म्हणतो, "बाबा, साऱ्या लेआउटमंदी, घरोघरी असंच हाये. तुमी कायले भेऊन राहिले?"

साऱ्यांनी केलं म्हणून बरोबर? आमच्या करडी गावच्या घरी न्हाणीला नुसता पडदा होता.

बायको आंघोळीत प्रत्येक लोट्याला "हर गंगे" म्हणते. आज सकाळी आतून काहीच ऐकू येईना. मी दार बडवलं.

"मेली नाही जी! शॉवरखाली लोटा कायले लागते?"

तरी म्हणत राहा, असं विनवलं. हसली.

आत्ता मी पाय धुवायला गेलो. कडी लावली नाही. मोठ्याने हर गंगे म्हणत राहिलो.