दोनच्या पाळीला नसलेली चावी

बेंगळूर, मंगळवार, ४ जुलै १९६१

आज दुपारी दोनला पाळी बदलताना तीन वर्षांच्या लक्ष्मीचा श्वास थांबला. मी नुकतीच कामावर आले होते. प्राणवायूचं सिलिंडर उघडायची चावी जागेवर नव्हती. सकाळच्या नर्स सरोजाक्का ती खिशात घालूनच निघाल्या होत्या. मी फाटकापर्यंत धावत जाऊन आणली, पण तोवर पोर गेली.

संध्याकाळी नोंदवहीत ‘दोनला चावी दिली’ असं लिहिलेलं दिसलं, खाली माझी सही. मी केली नाही. की धावपळीत केली? नाही, अक्षर माझं नाही.

सरोजाक्कांना विचारलं, तर म्हणाल्या, “स्वल्प सबूर कर गं, वहीचं काय घेऊन बसलीस?”

गेल्या महिन्यातलं बाळही दोनलाच गेलं. तेव्हा चावी कुठे होती?

उद्या मेट्रनबाईंना जुनी पानं उघडायला सांगणार आहे. नोकरी गेली तर गेली.