कर्नलसाहेबांचा मेणाचा पाय

१६ ऑगस्ट २००४
अपंगत्व-पेन्शनच्या अपिलाची तारीख आली. २२ सप्टेंबर. मेडिकल बोर्डात पुन्हा तोच कर्नल! मागे माझा बसवलेला नवा गुडघा दोन बोटांनी टकटक वाजवून म्हणाला, वयाने झिजला, नोकरीशी संबंध नाही. मी, हवालदार ऑगस्टीन, फौजेत रेशनच्या ट्रकमधून उड्या मारत होतो ते काय हौसेनं? पेन्शन घेणार. सूडही घेणार. निश्चय पक्का.

१९ ऑगस्ट
बायको तेरेसा विचारते, सुट्टीवर आला होतात तेव्हा चिकूच्या झाडावरून पडलात, ते अर्जात लिहिलंत का? बायकांना लष्करी बाबी कळत नाहीत.

१२ सप्टेंबर, रविवार
बांद्र्याच्या टेकडीवर मारियामातेची जत्रा. लोक मेणाचा पाय वाहतात, दुखणं जावं म्हणून. मी कर्नलच्या नावाने वाहिला. गुडघ्यावर नखाने खोल चीर पाडली. मागणं एकच: त्याचाही गुडघा जाऊ दे, मग कळेल हरामखोराला. तेरेसाला सांगितलं, माझ्यासाठी वाहिला. खोटं नाही. फायदा माझाच.

१४ सप्टेंबर
फादरना कन्फेशनमध्ये सांगावं का? नको. त्यांना बोर्डाचे नियम माहीत नाहीत.

२२ सप्टेंबर
पदकं लावून गेलो. क्लार्क म्हणाला, साहब छुट्टी पे हैं, घुटने का ऑपरेशन है. मी तिथेच आभाळाकडे बघून सलाम ठोकला. येताना आगाशीच्या बाजारातून पापलेट. झाला की नाही न्याय!

२४ सप्टेंबर
थोडी अडचण. साहेब रुजू होईपर्यंत सगळी अपिलं बंद. म्हणजे तो चालायला लागेपर्यंत माझी फाइल बसलेली. तेरेसाने खोदून खोदून विचारलं, शेवटी मेणाच्या पायाचं खरं सांगितलं. ती आधी हसली, मग क्रूसाची खूण केली, मग जेवायला वाढलं नाही.

१ ऑक्टोबर
नोव्हेना सुरू, नऊ दिवस प्रार्थना, रोज एक मेणबत्ती. कर्नलच्या गुडघ्यासाठी. मी मनाचा मोठा आहे. फक्त बोर्डावर येण्यापुरता बरा होऊ दे, जिना चढताना मात्र कळ येऊ दे.

५ ऑक्टोबर
तेरेसा म्हणते, असा अर्धामुर्धा नवस मारियामाता ऐकत नाही. जिन्याची अट काढली. उलट कबूल केलं, ठणठणीत बरा झाला तर बांद्र्याची टेकडी पायऱ्यांनी चढून येईन. रिक्षा नाही. एवढं केल्यावर पेन्शन कुठे जाते?

१७ फेब्रुवारी २००५
बोर्ड. कर्नल जिन्यावरून आला, दोन-दोन पायऱ्या एकदम. माझा एक्स-रे बघितलाच नाही. स्वतःची पँट वर करून गुडघ्यावरचा टाक्यांचा व्रण दाखवला. म्हणे, हवालदार, मीही बसवलाय, काय मस्त चीज आहे, परवापासून गोल्फ खेळतोय, याला अपंगत्व कोण म्हणेल? पाठीवर थाप मारली. अपील फेटाळलं.
जळो तो गोल्फ. माझ्याच मेणबत्त्यांवर खेळतोय मेला.

रात्री
तेरेसा म्हणाली, रविवारी निघू या, नवस फेडायचा ठेवू नये. मी म्हटलं, केवढ्या पायऱ्या आहेत तिथे. ती म्हणाली, मग, बोर्डाच्या हिशेबाने तुम्ही धडधाकट आहात ना.
गुडघा दुखतोय. आज खरंच दुखतोय.