मामा म्हणाला, स्टेडी न्हाई

वडूज, ४ फेब्रुवारी १९४७

आई मामाकडून परत आली. चपला काढायच्या आधीच विचारलं, काय म्हणाला? म्हणाली, "न्हाई म्हटलं न्हाई बाबा. व्हय बी म्हटलं न्हाई. कायतरी इंग्रजी म्हटला."

इंदू आपल्या घरात द्यायची का, एवढंच विचारायला गेली होती. मामाची पोरगी, भाच्याचा पहिला हक्क, हे साऱ्या खटाव तालुक्याला ठाऊक. बहिणीला तोंडावर 'न्हाई' म्हणायची भावाची छाती होत नाही. म्हणून पेन्शनर सुभेदारसाहेब पलटणीच्या भाषेत लपले. आईनं तो शब्द सगळी वाट तोंडात धरून आणला. "स्टेडी. तू स्टेडी न्हाईस म्हनं. कालेजात हुतास न्हवं, सांग की म्हंजी काय."

स्वतःला दिलेला नकार आपणच मराठी करून आईला सांगायचा. वा रे वा! सांगितलं, स्थिर. "म्हंजी?" एका जागी बसणारा. "मग बस की मुडद्या एका जागी!"

जेवलो नाही.

५ फेब्रु.

कॉलेजातनं आणलेली डिक्शनरी काढली. स्टेडी : विशेषण. स्थिर, न डळमळणारा, नियमित, नेमस्त.

नेमस्त! घाण्याचा बैल नेमस्त. गोठ्यातला खुंटा स्थिर. देवळापुढची दीपमाळ डळमळत नाही, द्या की इंदू तिला.

खाली उदाहरण : 'स्टेडी तरुण'. असला तरुण मी पाहिलेला नाही. पाहिला असेल तर त्याच्याशी बोललो नसेन.

८ फेब्रु.

राहवेना. मामाकडं गेलो. ओट्यावर बसून बुटाला पॉलिश करत होता. लढाई संपली, बूट घालून जायचं कुठं? म्हशीकडं.

"मामा, स्टेडी म्हंजे काय?"

"कालेजात शिकवलं न्हाई?"

"तुमच्या तोंडनं ऐकायचंय."

ब्रश थांबला नाही. "तालीम धरलीस, सोडलीस. कालेज धरलंस, सोडलंस. भरतीच्या रांगंत हुबा ऱ्हायलास, छाती मोजायच्या आदी भांडून आलास. आता माजी लेक धरनार. म्होरलं मी सांगू का तू सांगतूस?"

कानशिलं तापली. ओरडूनच सांगितलं. तालीम सोडली, कारण मी जिंकलेली कुस्ती वस्तादानं बरोबरीत सोडवली. कॉलेज सोडलं, कारण भर पंगतीत रेक्टर आमच्या 'हाय-न्हाई'ची नक्कल करून पोरांना हसवत होता. ताट भिरकावलं. परत भिरकावीन.

मामा म्हणाला, "खरं असंल. दर बारीला तुजंच खरं असतं गड्या. त्येचंच भ्या वाटतंय." मग बूट खाली ठेवून, "एक उन्हाळा एका जागी काढून दाव. तवर मी कुटं बघत न्हाई."

गोठ्यामागं इंदू शेणाच्या हातांनी उभी. "आवं, मागनी घालाय आलाय का वरडाय?" मी म्हटलं, तुझ्या बापानं मला नाही म्हटलं. "न्हाई कुटं म्हटलं? नापास केलंय. परत बसा परीक्षेला." आणि हसली.

मला हसू आलं नाही.

सांगली, १५ फेब्रु.

अमीनशेठच्या हळदीच्या अडतीत चिकटलो. मुंबईच्या इंग्रजी तारा वाचायच्या, उत्तरं लिहायची. कपड्यांना हळद, भाकरीला हळद, या वहीला हळद. लग्नाचा पत्ता नाही, अंगाला हळद मात्र रोज.

पहिलीच तार : 'हळद स्टेडी'. फाडणार होतो.

शेठना विचारलं, बाजार स्टेडी म्हणजे कसा? हुक्क्याची नळी न काढता म्हणाले, "मुंबईवाल्याला कायबी ठाऊक नसलं की तो स्टेडी लिहितो."

आणि मामाला काय ठाऊक आहे माझं?

२ मार्च

इथंही तोच शब्द. न्हावी पलटणीतनं आलेला. गळ्याला वस्तरा लावला अन् म्हणतो, "स्टेडी, सर, स्टेडी!" वस्तऱ्याखाली ओरडता येत नाही, उठून जाता येत नाही. इतका वेळ आयुष्यात कुणाचं निमूट ऐकलेलं आठवत नाही.

येताना विश्रामबागेवरून सायकल काढली. तिथल्या माझ्या सोडलेल्या कॉलेजकडं बघितलं नाही. हॉस्टेलच्या भटारखान्याचा वास आला, तेवढा घ्यावाच लागला.

२१ मार्च

पोती जोखणारा तोलार तात्या सगळ्या हमालांसमोर म्हणाला, "कालेजातनं पळालेलं ह्ये. बाजार उठायच्या आत हितनं बी पळतंय. कोन पैज लावतंय?" मूठ वळली. तात्याच्या नाकापर्यंत जाऊन पोत्यावर बसली. पोतं उसवलं, हळकुंडं सांडली. शेठ गादीवरून बघत होते. म्हणाले, "तात्याला न्हाई मारलं, पोत्याला मारलं. बाजार सुधारतोय."

हसले सगळे. मीच हळकुंडं भरली. दातओठ खात.

दुपारी मुंबईला तार लिहायची होती. भाव सकाळी खाली, दुपारी थोडा वर, पण गिऱ्हाईक रोज येतंय, पाठ फिरवत नाही. असल्या बाजाराला काय म्हणायचं? दुसरा शब्द सापडेना. लिहिला. शेठनी खोडला नाही. म्हणजे वापरता येतो मला तो. कुणी मला लावायला लागलं की

(तात्या दिवा घेऊन गेला. राहू दे.)

१० एप्रिल

गावाकडचा मारुती आला अडतीत. पाणी प्यायच्या आधी म्हणाला, "रविवारी तुज्या मामाकडं इंदूला बघाय येत्यात. पोरगा मिरजंला कचेरीत कारकून."

उन्हाळा कुठं संपलाय? सुभेदाराचा शब्द होता तो! मारुती म्हणतो, "मामा म्हनतूय, आपनहून आलेल्या पाव्हन्याला दार कसं लावू? आनि चावडीवर सांगतूय, दत्ता पळत येतूय का बगा. आला तर माजंच खरं."

म्हणजे सगळं गाव वाटेकडं डोळे लावून बसलंय. मी आलो की टाळ्या पिटायला.

आईचा निरोप : हाललास तर याद राख.

इंदूचा निरोप एकच शब्द. "या."

गेलो तर मामा जिंकला. नाही गेलो तर इंदू गेली. एका जागी बसून बायको मिळवायची आणि ती दुसऱ्याच्या घरी जाताना बघायची, ही कसली परीक्षा? हा शब्द ज्या गोऱ्यानं काढला त्याला कुणी मामाची पोरगी नसणार.

१२ एप्रिल

शेठपुढं उभा राहिलो. रजा मागायची कशी तेच येईना. आजवर कुठूनही सोडूनच आलो, रजेची गरज पडली नाही. भांडल्यासारखीच मागितली.

"सोडून चाललास?"

"नाही. सोमवारी येतो."

"ही तार खरी, का मुंबईवाल्यासारखी?"

मग शेठच जा म्हणाले. बाजार भरात आहे, सोमवारी माझ्या जागेवर दुसरा माणूस बसलेला दिसला तर बोल लावायचा नाही, असंही म्हणाले.

१३ एप्रिल, गाडीत

मिरजेहून सकाळची गाडी. पेन्सिलनं लिहितोय, अक्षर उड्या मारतंय.

समोर दोन फेटेवाले म्हातारे आणि मधे माझ्याच वयाचा एक जण, कोट, नवी टोपी. म्हाताऱ्यांच्या बोलण्यात 'सुभेदार' आलं, 'वडूजकडं' आलं. तोच. कारकून.

असा बघत होतो की माणूस जळावा. त्याला वाटलं, ओळखीचा असेन. "कुठं उतरणार?" रहिमतपूर. "तिथनं?" वडूजकडं. चेहराच खुलला त्याचा. म्हाताऱ्यांना डुलकी लागल्यावर माझ्या बाकावर येऊन बसला.

"तुम्ही तिकडलेच. मग सुभेदारांचं घर माहीत असेल. मध्यस्थ गोडच बोलतो हो, घरचे होकार ठरवूनच निघालेत. मला कुणी काही विचारलंच नाही. तुम्ही त्रयस्थ, म्हणून विचारतो. मुलगी कशी आहे?"

रीतच आहे ही. वाटेवरच्या माणसाला विचारायचं, तो सांगेल ते खरं. एक वाकडा शब्द टाकला की हा पुढच्या स्टेशनात म्हाताऱ्यांना उठवून उतरेल. पण तो शब्द याच्याबरोबर मिरजेला जाईल, तिथनं फिरत फिरत गावात येईल आणि इंदूच्या नावाला चिकटून बसेल. चांगलं सांगितलं, म्हणजे जे आहे ते सांगितलं, तर हा संध्याकाळी सुपारी फोडूनच परतेल. आणि मी कोण ते सांगितलं तर? याची कॉलर धरायची इच्छा होतेय, पण यानं माझं काय केलंय? माणूस वाईट नाही. त्याचाच जास्त राग येतोय.

म्हटलं, थांबा. एवढं लिहितो, मग सांगतो.

बसलाय. टोपी काढून मांडीवर घेतलीय. तारगाव गेलं. आता रहिमतपूरच.