साखरेची बरणी

सोमवार, ४ ऑगस्ट

पुन्हा चाखायला दिलं! शेजारच्या वर्गात, त्या साखरबाईने. नाव मीच ठेवलंय – पोरं तिला लाडाने ताई म्हणतात. धडा दोघींचा एकच, मिश्रणं आणि द्रावणं. मी फळ्यावर समांगी-विषमांगीचे रकाने आखून घसा कोरडा करते. ती साखरपाणी ढवळते आणि म्हणते, "वरचा घोट घ्या, आता खालचा. गोडी सारखीच ना? झालं, हे द्रावण!" पोरं खूश. प्रयोगशाळेत काही तोंडात घालायचं नसतं, हे शेंबडं पोरही सांगेल. उद्या मोरचूद चाखतील, मग?

मंगळवार, ५ ऑगस्ट

मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं. हसले! "अहो मॅडम, साखरच तर आहे. तुम्ही फार ताणता." आम्ही दोघी हंगामी, कायमची जागा एक. शुक्रवारी अधिकारी तास बघायला येणार आणि ठरवणार. म्हणजे झालंच माझं कल्याण.

बुधवार, ६ ऑगस्ट

नवरा म्हणाला, "जेवताना तरी त्या बाईला ताटात वाढून घेऊ नकोस." तशीच उठले.

गुरुवार, ७ ऑगस्ट

शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत गेले. गढूळ पाणी निवळायला तुरटी ठेवलेली असते, तिचे खडे कुटले. साखरेची बरणी रिकामी केली, तीत तुरटी भरली. दिसायला हुबेहूब! उद्या साहेबांसमोर पोरं थू थू करतील. तुरटीने कुणी मरत नाही, तोंड आवळतं एवढंच. अद्दल घडायलाच हवी.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

माझा तास आधी. दूध हे द्रावण नव्हे, कलिल – विजेरीचा झोत टाकून दाखवलं. अधिकारी घड्याळ बघत होते.

मग तिचा. मी मागच्या बाकावर. तिने बरणी उघडली, पाण्यात दोन चमचे ढवळले, "आधी मी" म्हणत मोठा घोट घेतला. क्षणभर थांबली. गिळला. आणि हसली! मग ते पाणी गाळून दाखवलं – गाळणकागदावर कणही नाही. "द्रावण आहे. पण आज कुणी चाखायचं नाही. नुसतं बघून पदार्थ ओळखता येत नाही, म्हणून इथे काहीच तोंडात घालायचं नाही. मीसुद्धा आता चुकलेच." उरलेलं ओतून दिलं. माझं वाक्य, आणि माना डोलावल्या तिच्यासाठी!

बरणी चुकले की काय? नंतर धावत जाऊन बघितलं. तुरटीच. बाईची जीभ आहे की चामडं!

शनिवार, ९ ऑगस्ट

जागा तिला. "अभिनंदन" म्हणाले, दातओठ खात.

सोमवार, ११ ऑगस्ट

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत दोघीच होतो. तिने दार लोटलं. म्हणाली, "गुरुवारी तुमच्या हातात ती बरणी बघितली होती. घासायला नेताय असं वाटलं. घोट तोंडात गेला तेव्हा कळलं, ही साखर नाही. थुंकले असते तर मुलं घाबरली असती."

मी म्हटलं, "अहो, तुरटीच तर होती! तुरटीने काय होतंय?"

"तुरटी आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, मॅडम," ती म्हणाली. "मला नव्हतं."